पायाळू बाईचे हात

मी पायाळू आहे. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: बाकीची पोरं आईच्या पोटातून डोकं आधी काढतात, मी पाय आधी काढले. सुईण माझ्या मायला म्हणाली होती, "ही तर चालतच आली बघ." आमच्या परभणी भागात पायाळू माणसाला जन्मतःच एक नोकरी लागते, बिनपगारी आणि जन्मभराची. कुणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे वाकताना चमक निघून माणूस तसाच अडकला, की त्यानं पायाळूच्या दारात येऊन उपडं पडायचं. पायाळूनं दुखऱ्या जागेवर डावा पाय तीनदा टेकवायचा. उसण जाते. निदान लोक तसं म्हणतात.

पुढं मी तीस वर्षं लोकांच्या पाठी हातांनी ठीक करून पोट भरलं. फिजिओथेरपी शिकले, त्यावर कायरोप्रॅक्टिकचं काम शिकले, आणि मागच्या वर्षी क्लिनिकचं शटर कायमचं ओढलं. आता दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा म्हटल्यावर मला शटर आठवलं नाही, डिग्री आठवली नाही, पाय आठवला. म्हणून सुरुवात पायापासून करते, हात मागून येतीलच.

आमचं घर पिंगळीला, बौद्धवाड्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. गावात बाकीच्या शिक्षकांना लोक गुरुजी म्हणत, अण्णांना मास्तर. हॉटेलात चहा प्यायला तर अण्णांना कप स्वतः विसळून बाजूला ठेवावा लागायचा. आमच्या घरचं पाणी अर्ध्या गावाला चालत नव्हतं. पण उसण भरली की तीच माणसं आमच्या अंगणात येऊन उपडी पडायची, आणि मी सात-आठ वर्षांची चिमुरडी त्यांच्या पाठीवर पाय द्यायची. माय हे अण्णांच्या माघारी होऊ द्यायची. तिला त्यात एक समाधान होतं, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

एका दुपारी रंगनाथराव आले. तेव्हा पंचविशीतला गडी, गावात मोठी शेती, विहिरीवर इंजिन. मोठ्या पाइपाला हिसका देताना कमर धरली होती. ते अंगणात उपडे पडले, मी पाय उचलला आणि तेवढ्यात अण्णा शाळेतून लवकर घरी आले. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, क्षणभर बघितलं आणि विचारलं,

"रंगनाथराव, पाणी घेता का?"

रंगनाथरावांचं तोंड जमिनीकडं. तसंच म्हणाले, "नको मास्तर. तहान न्हाई."

"एवढ्या उन्हात तहान न्हाई?"

रंगनाथरावांनी कपाळ हातावर टेकवलं.

"आमचं पाणी तुमाला चालत न्हाई," अण्णा म्हणाले, "मंग पोरीचा पाय कसा काय चालतो?"

आवाज चढवला नव्हता. वर्गात पोराला गणित विचारावं तसं विचारलं. रंगनाथराव कमरेला हात लावून उठले, आणि वाकडेच निघून गेले. माझा पाय टेकवायचा राहिला तो राहिलाच.

त्या संध्याकाळी अण्णांनी मला जवळ बसवलं. "तुझ्या पायात काही नाही," म्हणाले. "लोकांच्या पाठीचं काही करायचंच असेल तर शिकून ये. हातानं कर. पाय पुन्हा कुणाच्या अंगाला लावायचा नाही." मी हो म्हटलं. हे हो मी पुढं चाळीस वर्षं पाळलं आणि एकदा मोडलं. त्या एकदाचीच ही गोष्ट आहे, पण आधी धंदा समजून घ्या.

नागपूरला शिकले, परभणीत एका दवाखान्यात नोकरी केली, आणि मग पुण्यात एका सरांकडं कायरोप्रॅक्टिक शिकायला लागले. सर परदेशात शिकून आले होते. वाटलं, पहिल्याच दिवशी मणके कडाकडा मोडायला शिकवतील. त्यांनी पहिले तीन महिने दाबूसुद्धा दिलं नाही. डोक्याचा एक केस टेबलावर ठेवायचा, त्यावर वहीचं पान ठेवायचं आणि बोटानं केस शोधायचा. सापडला की अजून एक पान. मग अजून एक. मला अकरा पानांखालचा केस लागायला लागला तेव्हा सर म्हणाले, "आता माणसाच्या पाठीला हात लावा." अशी माणसं मला फार थोडी भेटली. बोटांना डोळे असतात हे मी ऐकून होते, ते त्यांनी मला मिळवून दिले.

काम नेमकं काय असतं ते सांगते. दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला बारीक सांधे असतात. एखादा आखडतो, आजूबाजूचे स्नायू घाबरून ताठ होतात आणि माणूस वाकडा होतो. तो सांधा बोटांनी हुडकायचा. माणसाला कुशीवर वळवून सांध्यातला ढिलेपणा संपेपर्यंत न्यायचं आणि मग एक छोटासा, झटपट धक्का द्यायचा. त्यात जोर नसतो, वेग असतो. कट् असा आवाज येतो. लोकांना वाटतं सरकलेलं हाड जागेवर बसलं. हाड कुठं गेलेलंच नसतं. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो त्याचा तो आवाज, बोटं मोडताना येतो तोच.

परत येऊन परभणीत क्लिनिक टाकलं, पाटीवर 'मणके व सांधे उपचार' एवढंच लिहिलं होतं. लोक आपसात मला हाडं मोडणारी बाई म्हणायचे, आणि हे कौतुकानं म्हणायचे.

कौतुक करण्यासारखं काम होतंच, उगाच विनय कशाला करू. एसटीचा एक ड्रायव्हर मान धरून आला. "बाई, आठ दिवस झाले, उजव्या अंगाची दुनिया बघितली न्हाई." तिसऱ्या खेपेला त्याची मान वळली. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं पहिल्यांदा उजवीकडची भिंत बघितली, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग मला. डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर त्याची गाडी माझ्या क्लिनिकवरून जाताना हॉर्न दिल्याशिवाय कधी गेली नाही. माणूस वाकडा आत येतो आणि अर्ध्या तासात सरळ बाहेर जातो, हे बघण्याचं सुख मला तीस वर्षं रोज मिळालं. अजून काय पाहिजे?

सोनपेठच्या आठवडी बाजाराला मी दर आठवड्याला जायची, एका ओळखीच्यांच्या खोलीत टेबल टाकून बसायची. तिथं कौसाबाई यायच्या. जन्म कापूस वेचण्यात गेलेला. त्यांचा सगळा हिशेब आवाजावर. "बाई, मागच्या बारीला दोनदा वाजलं व्हतं. आज एकदाच वाजलं."

"आवाजाचा काही संबंध नाही हो, कौसाबाई."

"मंग राहिलेलं आतच हाय म्हणा की."

मी किती समजावलं तरी त्यांना ते पटलं नाही. पण एकदा मी त्यांना वेचणीला बांधतात तसा ओटा, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची कमरेची झोळी, बांधून दाखवा म्हटलं. कापसाचं सगळं ओझं त्या एकाच कुशीवर घेत होत्या, गाठ एकीकडं. मी गाठ मधे घ्यायला लावली आणि ओटा अर्धा भरला की रिकामा करायचा म्हणून बजावलं. खरं सांगायचं तर त्यांची कमर माझ्या धक्क्यानं कमी आणि त्या गाठीनं जास्त सुधारली. श्रेय मात्र त्यांनी शेवटपर्यंत आवाजालाच दिलं.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की आखडलेली कमर, आखडलेली मान, मानेतून उठणारी काही डोकेदुखी, एवढ्याला आमचा हात चालतो. साखर, दमा, बीपी यांना नाही. तुटलेल्याला नाही, पिकलेल्याला नाही, गाठीला नाही. आणि अजून एक गोष्ट धंद्यातली माणसं सहसा सांगत नाहीत, मी आता रिटायर झाले म्हणून सांगते: निम्म्या उसणी काहीच न करता पंधरा दिवसांत आपल्या आपण जातात. पायाळूची कीर्ती त्यावरच उभी आहे, आणि थोडी माझीसुद्धा.

म्हणून सरांनी हात लावण्याआधी विचारायला शिकवलं होतं. पडलात का? ताप येतो का? वजन उतरलं का? झोपेतून दुखून उठता का? सायकलच्या सीटवर टेकतो त्या जागी बधिर वाटतं का, लघवी अडते का? शेवटचं विचारलं की बायका पदर तोंडाला लावायच्या आणि पुरुष छताकडं बघायचे. मी विचारायचेच. धान्याच्या मोंढ्यातला एक हमाल मोबाइल घेऊन आला होता. त्यात कुणी गोरा डॉक्टर माणसाची मान धरून झटका देत होता. "अशी मोडा." मी विचारलं तर मान वळवली की याला गरगरतं आणि एकाचे दोन दिसतात. मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा मानेतूनच जातात, अशा माणसाच्या मानेला झटका देणं म्हणजे जिवाशी खेळ. मी त्याला डॉक्टरकडं पाठवलं. तो जाम नाराज झाला. "मोबाइलमधला एका मिनटात करतो, अन् तुमी परीक्षाच घ्यायलाव."

आता रंगनाथराव.

क्लिनिक सुरू झाल्यावर बऱ्याच वर्षांनी ते आले. साठी ओलांडलेली, पण अंग दांडगं. नुसती उसण होती, बी-बियाण्याचं पोतं उचलताना भरलेली. मी सवयीनं म्हटलं, "उपडे पडा." आणि आम्ही दोघंही थबकलो. ते पडले. मी हातानं काम केलं, कट् झालं, माणूस सरळ उठला. अंगणातल्या दिवसाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. पण गावात त्यांनी माझी जी जाहिरात केली, तशी पेपरात देऊन झाली नसती. अर्धी पिंगळी पॅसेंजरनं माझ्याकडं यायला लागली.

चार वर्षांनी ते पुन्हा आले आणि दारातच मला बरं वाटलं नाही. सदरा खांद्यावरून ओघळत होता. मी प्रश्न विचारले.

"ताप?"

"ताप न्हाई. सांजच्याला जरा कणकण येती."

"रोज?"

"रोजच म्हण."

झोपेत दुखून जाग येत होती. जेवण जात नव्हतं. मी पाठीच्या मधल्या मणक्यावर बोटाच्या पेरानं हळूच ठोकलं, तर एवढा मोठा माणूस दचकून पुढं गेला. माझ्या बोटांना तिथं जे लागलं ते आखडलेल्या सांध्याचं नव्हतं.

"रंगनाथराव, आज मी हात लावणार नाही. हे माझ्या हाताचं काम नाही. आत काहीतरी रोग आहे, मला टीबीचा संशय येतो. मणक्यालाही टीबी होतो. उद्या सकाळी एक्स-रेचा फोटो काढायचा, रक्त तपासायचं, डॉक्टर सांगतील तिथं एमआरआय करायचा. चिठ्ठी देते."

"येवढ्या लांबून आलोय. हात तर लाव."

"नाही लावत. मणका आतून पोकळ झाला असेल तर माझ्या एका धक्क्यानं तुमचे पाय जातील."

त्यांनी चिठ्ठी घेतली, खिशात ठेवली. उठले नाहीत. मग टेबलाकडं गेले आणि आपल्या मनानं उपडे पडले. तोंड उशीत घालून म्हणाले, "हात न्हाई तर न्हाई. पाय लाव. त्या दिवशी राहिलाय."

आता मला खरं लिहायचं आहे. मी तेव्हा पन्नाशीची, शिकलेली बाई. पायात काही नाही हे मला अण्णांनी सांगितलं होतं आणि पुस्तकांनीही. मी मनाशी म्हटलं, नुसता टेकवायचा, वजन द्यायचं नाही, त्यानं काही बिघडत नाही. म्हाताऱ्याचं समाधान होईल आणि तो उद्या तपासायला जाईल. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. पण आत दुसरंही काही होतं. ज्यांना आमचं पाणी चालत नव्हतं ते माझ्याच क्लिनिकात माझ्या पायाखाली पडले होते, आणि मला ते गोड वाटलं. त्याला समाधान म्हणत नाहीत. त्याला सूड म्हणतात, मग तो कितीही हलका का असेना.

"पाय लावते, पण उद्या फोटो काढायला जायचं. कबूल?"

"कबूल."

मी चप्पल काढली, टेबल खाली घेतलं आणि डावा पाय तीनदा टेकवला. रंगनाथराव उठले, त्यांनी कमरेत इकडं तिकडं हलून बघितलं आणि म्हणाले, "हलकं वाटायलंय." आणि गेले.

चूक ती हीच. हात लावायला मी नाही म्हटलं, पण पाय लावल्यावर त्यांच्या हिशेबानं इलाज झाला होता. इलाज झालेला माणूस फोटो कशाला काढेल? त्या दिवशी दुखणंही थोडं कमी वाटलं. विश्वास बसला की दुखणं चार दिवस दबून राहतं, हे मी रोज बघत होते. तरी मी फोन करून विचारलं नाही, की गेलात का. आठव्या दिवशी त्यांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. "बाई, ह्यांचे पाय उचलंनात. अन् सकाळपून लघवी न्हाई."

मी होते तशी निघाले. जीप करून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं, वाटेत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मणक्याचा टीबी निघाला. पू साचून मज्जारज्जूवर दाब आला होता. ऑपरेशन झालं, पुढं वर्षावर गोळ्या चालल्या.

ते उभे राहतील की नाही हे कुणी सांगत नव्हतं. मी दर दोन दिवसांनी पॅसेंजरनं पिंगळीला जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले. या माणसानं जी मेहनत केली तिला तोड नाही. महिनाभर तर नुसता अंगठा हलवायचा प्रयत्न करत होते. अंगठा हलत नव्हता, पण घामानं गादी भिजायची. एक दिवस उजवा अंगठा हलला. त्या दिवशी काकूंनी मला मिठी मारली. दहाव्या महिन्यात ते काठी घेऊन ओसरीवर आले. हातापायांत परत जीव आणायचा हा धंदा मी निवडला याचा मला तेव्हा वाटला तेवढा अभिमान कधी वाटला नाही. पण डावा पाय काही पूर्ण आला नाही. पंजा लोंबतो, चालताना ओढावा लागतो, आणि आता तो तसाच राहणार हे मला कळत होतं.

आणि मग भलतंच सुरू झालं. रंगनाथराव ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बाईनं पाय लावला म्हणून वाचलो. न्हाईतर गेलो व्हतो." पेडगावपासून माणसं यायला लागली. क्लिनिकात येऊन सरळ उपडी पडायची. "बाई, हात राहू द्या. पाय लावा."

मी अण्णांकडं गेले. ते तेव्हा पंचाहत्तरीचे, पिंगळीच्याच घरात, खुर्चीत बसून पेपर वाचत. मी सगळं सांगितलं. पाय लावला तेही, आणि लावताना काय वाटलं तेही. मला वाटलं रागावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्याला सांगितलंस का हे?"

"नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलीस? ज्याचा पाय गेला त्याच्याकडं जा."

मी उठून तशीच गेले. रंगनाथराव ओसरीवर होते. मी बसलेही नाही. म्हटलं, "तुम्ही लोकांना खोटं सांगताय. माझ्या पायानं तुम्ही वाचला नाहीत. मी पाय लावला म्हणून तुम्ही आठ दिवस घरी बसलात. डावा पाय ओढतो तो त्यामुळं. चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ठाऊक हाय मला. दवाखान्यात डाक्टर बोलला व्हता, आठ दिस आधी आणलं असतं तर पाय राहिला असता."

"ठाऊक आहे? मग गावभर उलटं कामून सांगायलाव?"

त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "मास्तरानं त्या दिवशी इचारलं ते काय डोक्यातून जाईना. तुझ्या पायाखाली पडायची मला लाज वाटली न्हाई, अन् तुमच्या घरचं पाणी प्यायची वाटली. त्याचा जवाब कवा देता आला न्हाई. मंग म्हणलं, गावात हिचं नाव तरी मोठं करावं."

मी म्हटलं, "असं नाव मला नको. उद्या कुणी टीबी घेऊन पाय मागायला येईल. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या पायाळूकडं जाईल. तो तुमच्याइतका नशिबाचा असेलच असं नाही."

"मंग काय सांगू?"

"झालं ते."

"तुझं नाव खराब हुईल, पोरी. धंदा बसंल."

"बसू द्या."

त्यांनी काठी टेकवली. "उठव मला. मास्तराकडं जाऊ."

त्यांच्या ओसरीपासून आमच्या अंगणापर्यंत वाट फार नाही, पण दुखण्यानंतर ते तेवढं कधी चालले नव्हते. मी शेजारून चालत होते, हात लावत नव्हते, सवयीनं त्यांचा प्रत्येक पाय कसा पडतो ते बघत होते. मधे हॉटेल लागलं. बाकावरून कुणी हसत म्हणालं, "काय रंगनाथराव, बाईच्या पायाचा गुण का?"

रंगनाथराव थांबले. काठीवर भार देऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुण न्हाई. पायानं माझा पाय गेला. हिनं फोटो काढाय सांगितलं व्हतं, म्या गेलो न्हाई. अन् हिनं पाय लावाय नको व्हता. पाठ दुखायली तर आधी दवाखान्यात जावा. तिथून हिच्याकडं पाठवलं तर हिच्या हातासारखा हात न्हाई."

हॉटेलातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मोकळंही वाटलं. पुढच्या काही महिन्यांत माझ्या क्लिनिकातली गर्दी खरंच कमी झाली. मग जी आली ती हातासाठी आली.

अण्णा दारातच खुर्चीत होते. त्यांनी आधी रंगनाथरावांचा पाय बघितला. "कसा हाय?"

"ओढतो, गुरुजी."

अण्णांनी दुसऱ्या खुर्चीकडं हात केला, पण रंगनाथराव बसले नाहीत. काठीवर उभे राहूनच म्हणाले, "त्या दिवशी तुमी पाणी इचारलं व्हतं."

"विचारलं व्हतं."

"ते हाय का अजून?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी आत जाऊन माठातलं पाणी तांब्यात घेऊन आले. रंगनाथरावांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. काठी सुटून खाली पडली, मी त्यांना खांद्यानं आधार दिला. त्यांनी तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मग ओल्या मिशा पुसल्या आणि अंगणातल्या न्हाणीच्या दगडाकडं वळले. एका हातानं माझा खांदा धरून, पाय ओढत तांब्या विसळायला निघाले.

"रंगनाथराव," अण्णा म्हणाले, "राहू द्या तो. आमच्या घरी पाहुण्याला भांडं विसळावं लागत न्हाई."

रंगनाथराव तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग मागं वळले, तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.